हिरव्या गाळणीची कुळकथा

ज्या घरी माशांची काचेची टाकी आहे त्या घरी शेवाळाचे नाव आदराने निघत नाही. काचेवर हिरवे पुट चढले, दगडांना बुळबुळीत लव आली, पाण्याच्या पलीकडचा मासा अंधुक दिसू लागला, की घरधनी ब्लेड, स्पंज आणि दुकानातली औषधाची बाटली घेऊन त्यावर तुटून पडतो. आणि चार दिवस जातात न जातात तोच ते पुनश्च आपल्या जागी हजर होते. अशा या सार्वत्रिक अप्रीतीच्या वस्तूला मुद्दाम उजेड, वाहते पाणी आणि बसायला जागा देऊन, किंबहुना तिचे स्वतंत्र बिऱ्हाड थाटून देऊन, तिच्याकडूनच टाकीचे पाणी निर्मळ करवून घ्यावयाची जी युक्ती गेल्या चार-साडेचार दशकांत रूढ झाली, तिला हौशी मंडळी अल्गी स्क्रबर म्हणतात. येथे तिला आपण हिरवी गाळणी म्हणू.

या गाळणीविषयी लिहिणारे बहुधा तिच्या दिव्यांचे, पंपांचे आणि शेवाळाच्या जातींचे कौतुक करतात. माझे मत थोडे निराळे आहे. शेवाळ वाढविण्यात काही मोठे पांडित्य नाही, ते आपणहून वाढते. या युक्तीचे मर्म ते वेळच्या वेळी कापून पाण्याबाहेर नेण्यात आहे. तिच्या पूर्वजांची परीक्षा मी याच एका कसोटीवर करणार आहे.

आधी रोगाचे निदान. माशांची टाकी हे असे संस्थान आहे, की ज्यात आवक रोजची आणि जावक जवळजवळ शून्य. आपण चिमूटभर खाद्य टाकतो. मासा ते खातो, आणि त्यातले पुष्कळसे नत्र अमोनियाच्या रूपाने मुख्यत्वे कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. अमोनिया माशाला विषवत्. वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात वस्ती करून राहिलेले जंतू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तितकेसे जहाल नाही, म्हणून मासा जगतो. पण नत्र जिथल्या तिथेच राहते, आणि खाद्यातले स्फुरदही त्याच्या जोडीला साचते. नत्र आणि स्फुरद म्हणजे काय हे विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावयास नको. ज्या पाण्यात ही दोन्ही खते आहेत आणि वर दिवा जळतो आहे, त्या पाण्यात पीक येणारच. टाकीतले शेवाळ म्हणजे साचलेल्या खताची पावती होय, आणि पावती फाडल्याने देणे फिटत नाही.

हे पीक हवाही शुद्ध करते, हा शोध ज्या शतकात लागला त्या शतकात शेवाळ स्वतः प्रयोगशाळेत हजर होते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने १७७१ मध्ये काचेच्या हंडीखाली पुदिन्याची डहाळी ठेवून, मेणबत्तीने बिघडविलेली हवा ती डहाळी सुधारते असे दाखविले, ही कथा शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. पुढे काही वर्षांनी त्याच्या पाण्याच्या भांड्यांतून एक हिरवा पदार्थ आपोआप धरू लागला आणि त्यातून बुडबुडे निघू लागले. ते बुडबुडे प्राणवायूचे होते. हा हिरवा पदार्थ वनस्पती आहे की अन्य काही, याविषयी प्रीस्टली आरंभी साशंक होता. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने हे सारे कार्य सूर्यप्रकाशात आणि केवळ हिरव्या भागाकडूनच घडते, अंधारात नाही, असे सिद्ध केले. म्हणजे आज घराघरांतल्या टाक्यांतून जे खरवडून गटारात जाते त्याने विज्ञानाच्या एका मोठ्या प्रकरणात साक्ष दिलेली आहे.

त्यानंतर सत्तर वर्षांनी लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने या ज्ञानाचा संसार मांडला. १८४९ साली त्याने सुमारे बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. रोपे प्राणवायू देत, मासे कर्बवायू देत. परंतु जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर शेवाळ चढले, तेव्हा त्याने पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ दोन्ही फस्त केली, पाणी निवळले, आणि १८५० मध्ये वॉरिंग्टनने हा समतोल लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे निबंधरूपाने ठेवला. तीन वर्षांत लंडनच्या प्राणिबागेत सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे या विषयावरील पुस्तक निघताच दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवणे ही त्या देशातल्या सुखवस्तू घरांची फॅशन झाली. मुंबईकरांनी १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयापुढे रांगा लावल्या, त्या रांगांचे मूळ टोक वॉरिंग्टनच्या त्या पात्रापाशी आहे.

वॉरिंग्टनच्या समतोलाची मोहिनी मोठी आहे. बाहेरून काही घालू नये, आतून काही काढू नये, आणि आतले सर्व जीव एकमेकांच्या आधारे नांदावेत, ही कल्पना कोणालाही भुरळ घालील. पण आमच्या कसोटीवर ती उणी पडते. गोगलगाय शेवाळ खाते खरी, पण तिची विष्ठा त्याच पाण्यात पडते. खताने केवळ वेष बदलला, मुक्काम बदलला नाही. दोन मासे आणि पुष्कळ पाणी असेपर्यंत ही गोष्ट उघडकीस येत नाही. माशांची संख्या वाढली की येते.

जावकेचे हे शास्त्र ज्यांना पुस्तकावाचून उमगले होते असे लोक आमच्या नागपुराच्या पूर्वेलाच होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतले हजारो तलाव हे बव्हंशी गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाने बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधविला असे परंपरा सांगते. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले, १९५१ मध्ये मालगुजारी खालसा झाल्यावर सरकारजमा झाले, आणि दप्तरी माजी मालगुजारी तलाव व बोलण्यात मामा तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. या तलावांची जुनी वहिवाट पाहावी. पाणी धानाला जाई. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ गाडीगाडीने शेतात पडे. ढिवर मासे काढीत, शिंगाडे लावीत आणि तोडून बाजारात नेत. कमळाचे कांद, पाणवनस्पती, जे जे म्हणून पाण्यात पिके ते ते कोणीतरी उचलून नेई. पावसाच्या पाण्याबरोबर तलावात उतरलेले नत्र आणि स्फुरद माशाच्या, शिंगाड्याच्या आणि गाळाच्या रूपाने पुन्हा काठावर चढे. जलशुद्धीकरण असे नाव कोणी त्याला दिले नसेल, पण काम तेच होते. उलट आमच्या शहरातले तलाव पाहा: सांडपाण्याची आवक वाढली, आणि काढून नेणारा कोणी उरला नाही. त्यांनी हिरवा रंग धारण केला तर दोष केवळ शेवाळाचा खास नव्हे.

आता या कुळाच्या त्या शाखेकडे येऊ, जिचे वास्तव्य प्रत्यक्ष नागपुरात आहे. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड आणि त्याचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात, उथळ तळ्यात सोडलेले मैलापाणी शेवाळ आणि जंतू यांच्या भागीदारीने शुद्ध होते, या गोष्टीची शास्त्रीय मांडणी केली. ऑस्वाल्ड आणि हॅरल्ड गोटास यांचा याविषयीचा प्रसिद्ध निबंध १९५७ चा. जंतू मैला कुजवितात आणि कर्बवायू सोडतात, शेवाळ तो कर्बवायू घेऊन उन्हात प्राणवायू देते, तो प्राणवायू जंतू घेतात. यंत्र नाही, वीज नाही, फक्त जमीन आणि ऊन. ज्या देशात ऊन फुकट आणि वीज दुर्मीळ, त्या देशाला ही गोष्ट मानवणारी होती. १९५८ मध्ये नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून सारे तिला नीरी म्हणून ओळखतात. या संस्थेने तळ्यांच्या या पद्धतीचा आपल्या हवामानाच्या अंगाने अभ्यास केला, आणि १९७० साली अर्सीवाला, लक्ष्मीनारायण, अळगरसामी आणि शास्त्री या चौघांचा, भारतात अशी तळी कशी आखावी, बांधावी आणि चालवावी हे सांगणारा ग्रंथ नागपुराहून प्रसिद्ध झाला. नगरपालिकांच्या अभियंत्यांना त्याचा दीर्घकाळ आधार वाटला.

नागपूरकरांनी या ग्रंथाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या तळ्यांची अडचणही त्याच प्रामाणिकपणे पाहावी. मैलापाणी तळ्यात शिरते तेव्हा काळे असते आणि बाहेर पडते तेव्हा हिरवे. दुर्गंधी गेली, रोगजंतू पुष्कळ अंशी मेले, हे खरे. पण पाण्यात तरंगणारे शेवाळ, ज्याची एकेक पेशी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, ते पाण्याबरोबरच नदीत जाते, तेथे मरते, आणि घेतलेले नत्र परत देते. वाळूच्या गाळण्या त्याने तुंबतात. यंत्राने घुसळून वेगळे करावे तर खर्च असा की तळ्याची सारी स्वस्ताई त्यात बुडावी. पीक उत्तम आले, पण कापणीच होईना, असा हा पेच जगभरच्या अभियंत्यांना पडला.

तो सुटला तो मैल्याच्या तळ्यापाशी नव्हे, तर कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांपाशी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतला वॉल्टर एडी हा भूशास्त्र आणि समुद्री शैवाल या दोहोंत पारंगत असलेला संशोधक. प्रवाळभित्तीवरचे पाणी खतांच्या दृष्टीने अत्यंत दरिद्री असते, आणि तरीही तेथली जीवसृष्टी अत्यंत संपन्न, हे कोडे त्याच्यापुढे होते. त्याच्या ध्यानात आले ते असे, की खडकांवर बोटाच्या पेऱ्याएवढ्याही उंचीची नसलेली शेवाळाची जी आखूड हिरवळ असते, ती लाटांच्या सततच्या धुवटीमुळे विलक्षण वेगाने वाढते, आणि तितक्याच वेगाने मासे आणि समुद्रसाळी तिला चरतात. शेंडा खुडला गेला तरी बुंधा खडकाला चिकटून राहतो आणि तेथून पुन्हा फुटतो. संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात प्रवाळभित्तीची जिवंत प्रतिकृती उभारताना त्याने हेच प्रकरण टाकीबाहेर नेऊन बसविले: एक उथळ तबक, त्यात प्लास्टिकची जाळी, वर प्रखर दिवे, आणि पाण्याने भरताच स्वतःच्या भाराने उलटून लाटेसारखा लोंढा सोडणारे एक झुलते पन्हळ. माशांच्या दातांची जागा खरवडणीने घेतली. ८ जून १९८२ रोजी अमेरिकन सरकारने त्याला या रचनेचे पेटंट दिले.

पेच कसा सुटला तो पाहण्याजोगा आहे. शेवाळ पाण्यात तरंगू न देता जाळीला धरू दिले, की ते पाण्यातून वेगळे करण्याचा प्रश्नच उरत नाही. जाळी उचलावी, खरवडावी, परत ठेवावी. एवढीशी गोष्ट. पण नागपुरासह जगातल्या साऱ्या तळ्यांना जे साधले नव्हते ते तिने साधले. आणि पुढे एडी व त्याच्या सहकाऱ्यांनी हीच रचना कॅलिफोर्नियात पॅटरसन येथे सांडपाण्यावर आणि फ्लॉरिडात शेतांतून वाहून येणाऱ्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात लावली, तेव्हा टाकीची शाखा आणि तळ्याची शाखा यांची सोयरीक झाली.

यानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपतो. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये उघडलेल्या प्रचंड प्रवाळ-मत्स्यालयात आणि १९९१ मध्ये ॲरिझोनात आठ माणसांना आत ठेवून बंद केलेल्या बायोस्फिअर-२ च्या कृत्रिम समुद्रातही या गाळण्या बसविण्यात आल्या. विरोधकही निघाले. शेवाळातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी पाण्याला पिवळट झाक येते अशी तक्रार झाली, आणि जर्मनीतून आलेल्या, फेसाच्या साहाय्याने मळी काढणाऱ्या बर्लिन पद्धतीने हौशी मंडळींचे मन जिंकले. पेटंटाचा अंमल होता तोवर घरगुती कारागिरांना मोकळीक नव्हती; शतक संपता संपता मुदत सरली. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील हौशी लोकांनी झुलत्या पन्हळाची खडखड आणि तबकाची अडगळ काढून टाकून जाळी उभी टांगली, आणि वरच्या नळीतून तिच्या दोन्ही अंगांनी पाण्याचा पातळ पडदा सोडला. आजची घरगुती गाळणी ती हीच.

नागपूरच्या मनुष्याने ती पाहिली तर त्याला ती परकी वाटणार नाही, कारण एप्रिल लागताच त्याच्या प्रत्येक खिडकीत जो कूलर बसतो त्याची आतली रचना हीच आहे: तळाशी पाणी, त्यात बुडालेला पंप, वर भोके पाडलेली नळी, आणि खाली ओल्या होत राहणाऱ्या ताट्या. ज्या ताटीवर दुपारचे ऊन पडते ती ताटी जूनपर्यंत हिरवी होते हेही त्याने पाहिलेले असते. तेव्हा सामानाची जमवाजमव कठीण नाही. पाऊण इंची पीव्हीसी नळीचा एक तुकडा घ्यावा, एक तोंड टोपीने बंद करावे, आणि नळीला लांबीच्या दिशेने सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची सरळ चीर द्यावी. लोकरीच्या भरतकामासाठी चौकोनी छिद्रांची जी प्लास्टिकची जाळी इतवारीत मिळते ती चिरेत अडकवावी; मात्र त्याआधी हॅकसॉच्या पात्याने ती दोन्ही बाजूंनी इतकी खरखरीत करावी की तळवा फिरवला असता बोचली पाहिजे, कारण गुळगुळीत जाळीवर धरलेले शेवाळ पहिल्याच जोरदार धारेबरोबर सुटून टाकीत पडते. जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे १३० लिटर पाणी असावे असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे; म्हणजे आठ इंची जाळीला ताशी हजार लिटरांचा पंप लागतो, आणि कूलरचे साधे पंप याच्याच आसपासचे असतात. दोन्ही अंगांनी एकेक दिवा, प्रकाश पिवळसर किंवा तांबडा. टाकीचा दिवा रात्री विझल्यावर गाळणीचा दिवा जळत ठेवला तर रात्री प्राणवायूचा तुटवडा पडत नाही. दिवे पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर हवेत, प्लगाला अर्थिंग हवे, आणि वायरीला बोर्डाच्या खाली झोल हवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी बोर्डात न शिरता खाली टपकेल. या बाबतीत काटकसर करू नये.

जाळीचा आकार किती, हा प्रश्न पूर्वी पाण्याच्या मापावर सोडवीत. आता तो खाद्याच्या मापावर सोडवितात, आणि तेच रास्त आहे, कारण खत पाण्यातून येत नाही, डब्यातून येते. पहिल्या आठवड्यात जाळीवर केवळ तपकिरी पातळ थर दिसतो. निराश होऊ नये. तो नळाखाली धुऊन टाकला की हळूहळू हिरवे तंतू धरू लागतात. मग दर सात-दहा दिवसांनी जाळी काढून जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडावी. ओल्या लोकरीसारखी हिरवी लड कार्डापुढे गोळा होत येते, हाताला थंड लागते, आणि तिला पहिल्या पावसात भिजलेल्या तळ्याच्या काठाचा वास असतो. बुंधे राहू द्यावेत, जाळी चकचकीत करण्याचा हट्ट धरू नये. आणि आळस तर मुळीच करू नये: थर दाट झाला की आतल्या तंतूंना उजेड मिळत नाही, ते कुजतात, आणि आठवडाभर साठविलेले सारे नत्र एका रात्रीत टाकीला परत करतात. न खरवडलेली गाळणी असण्यापेक्षा नसलेली बरी.

नागपुरात या गाळणीचा उपयोग दोन स्थानिक कारणांनी अधिक आहे. टाकीतले नायट्रेट कमी करण्याचा सर्वसंमत उपाय म्हणजे पाणी बदलणे; परंतु ज्या वस्त्यांना पेंच किंवा कन्हानचे पाणी न मिळता बोअरचे पाणी मिळते तेथे त्या पाण्यातच नायट्रेट असू शकते. विदर्भातल्या पुष्कळ विहिरींत ते पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या, लिटरला ४५ मिलिग्रॅम, या मर्यादेपलीकडे आढळलेले आहे. अशा पाण्याने टाकीतले पाणी बदलणे म्हणजे कर्ज काढून कर्ज फेडणे. दुसरे कारण उन्हाळ्याचे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सात. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेल्या आमच्या मे महिन्यात टाकीतल्या माशाचा श्वास कोंडतो तो यामुळे. जाळीवरून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत काही अंशी निवते आणि शेवाळ त्यात प्राणवायूची भर घालते. अर्थात बाष्पीभवनाने पाणी झपाट्याने घटते, ते रोज पाहून भरावे लागते. आणि पावसाळ्यात, हवा दमट झाली की, थंडाव्याचा हा लाभ कूलरप्रमाणेच संपतो.

गुण गायिले तसे उणेही सांगितले पाहिजे. ज्या टाकीत पाणवनस्पती जोमाने वाढतात आणि त्यांची नियमित छाटणी होते, तेथे ही गाळणी अनावश्यक आहे, उलट ती झाडांच्या तोंडचा घास काढील. दोन-चार गप्पी पाळणाऱ्यानेही या भानगडीत पडू नये. आठवड्याला बादलीभर पाणी बदलणे त्याला पुरते. गोल्डफिशसारखे खादाड मासे, मोठी टाकी आणि सढळ हाताने खाद्य घालणारी मुले ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी मात्र इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक नोकर दुसरा नाही, असा माझा निर्वाळा आहे.

आणि ज्यांनी ती बसविली आहे किंवा बसविणार आहेत त्यांना एक विनंती. खरवडलेले शेवाळ बेसिनमध्ये सोडू नका. तेथून ते नाग नदीत, नागेतून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत आणि अखेर गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, आणि आपल्या टाकीतले खत तेवढे ढिवरांच्या पाण्यात पोचते. ते पिळून तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीतल्या मातीत मिसळावे. हळूहळू त्याची माती होते.